पाना-पक्कड : हबवरचे आकडे, फ्रेंच आटे आणि अडकलेलं हँडल

गेल्या अंकात म्हणलं होतं की घरात, माळ्यावर, जिन्याखाली कुठे जुनी रोड सायकल पडली असेल तर खाली काढा, ओल्या फडक्याने पुसा आणि कुठे काय कोरलेलं दिसतंय ते लिहून पाठवा. ढीग आला की हो पत्रांचा. बहुतेकांचा पहिला प्रश्न एकच, ही कुठल्या सालची, आणि लगेच दुसरा, विकली तर किती येतील. दुसऱ्याचं उत्तर मी देत नाही, त्यात भांडणं होतात. पहिल्याचं देतो पण एक लक्षात घ्या, जुन्या सायकलला एक साल नसतंच. हबचं (चाकाच्या मधला गोळा) एक, क्रँकचं (पायडल लावायचा दांडा) दुसरं, गिअरचं तिसरंच, कारण पन्नास वर्षांत कुणी ना कुणी काहीतरी बदललेलं असतं. म्हणून एका ठिकाणचा आकडा बघून पेढे वाटू नका, सगळ्या भावंडांचे दाखले मागवा.

प्रश्न : आजोबांची काळी रॅले आहे, नॉटिंगहॅमची, तीन गिअरची. मागच्या हबवर "स्टर्मी-आर्चर", "ए डब्ल्यू" आणि "५८ ७" असं कोरलंय. घरात सगळे म्हणतात स्वातंत्र्याच्या आधीची आहे. दुसरं म्हणजे तिसऱ्या गिअरमध्ये टाकली की मधेच पायडल रिकामं फिरतं, परवा गुडघा हँडलवर आपटला. (कोथरूड, पुणे)

उत्तर : ५८ म्हणजे १९५८ आणि ७ म्हणजे जुलै. घरच्यांना सांगा, स्वातंत्र्याच्या अकरा वर्षं नंतरची. स्टर्मी-आर्चर ही रॅलेचीच कंपनी, दोन्ही नॉटिंगहॅमच्या, त्यामुळे हब तयार झाला की थोड्याच महिन्यांत सायकलला लागायचा, फक्त मागचं चाक नंतर कुणी बदललेलं नाही ना तेवढं बघा. पुढची आणि मागची रिम एकाच जातीची आहे का, आऱ्यांचा गंज सारखाच आहे का, यावरून अंदाज येतो.

ए डब्ल्यू हब १९३६ ला आला आणि आतली मांडणी इतकी वर्षं जवळजवळ तीच राहिली की एका हबचे पार्ट दुसऱ्याला बसतात, ही मोठी सोय. दुसरा गिअर म्हणजे सरळ, एकास एक. पहिल्यात चाक पाव हिस्सा कमी फिरतं, तिसऱ्यात एक तृतीयांश जास्त. आता तुमचा गुडघा. या हबमध्ये दुसऱ्या आणि तिसऱ्याच्या मधे एक रिकामी जागा आहे, तिथे काहीच पकडत नाही. तिसऱ्या गिअरला केबल पूर्ण सैल लागते. तुमची केबल एकतर जास्त ताणलेली आहे नाहीतर गंजून आतच अडकतीये, म्हणजे सैल सोडली तरी सैल होत नाही, आणि हब त्या रिकाम्या जागेत लटकतो. आधी आतली तार नवीन घाला. हबमधून बाहेर येणारी छोटी साखळी हाताने पूर्ण आवळा आणि केबलच्या रेषेत येईपर्यंत मागे सोडा, पण अर्ध्या फेऱ्यापेक्षा जास्त नाही. मग गिअर दुसऱ्यावर ठेवा आणि उजव्या नटाला जे भोक आहे त्यातून आत बघा, साखळीच्या दांडीचं टोक ॲक्सलच्या टोकाशी बरोबर सपाट यायला हवं. बाहेर आलं तर केबल जास्त ताणलीये, आत राहिलं तर सैल. दोन मिनिटांचं काम आहे पण ते होईपर्यंत उभं राहून पायडल मारू नका.

आणि तेल. हबच्या पोटावर छोटं झाकण असतं, त्यातून महिन्याला चमचाभर पातळ इंजिन ऑइल. खोबरेल नको! हसू नका, मी दर वर्षी दोन-तीन हब असे उघडतो ज्यात कुणा आजोबांनी प्रेमाने खोबरेल घातलेलं असतं. डिसेंबरात पुण्यात खोबरेल डबीत गोठतं ते हबमध्ये काय करणार, आतले कुत्रे, म्हणजे ते छोटे टिक टिक करणारे खटके, चिकटून बसतात आणि मग कुठल्याच गिअरला पकड येत नाही.

प्रश्न : २६ चा टायर आणला, दुकानदार म्हणाला २६ म्हणजे २६, पण रिमवर चढतच नाहीये. जुनी इंग्लिश सायकल आहे. (इचलकरंजी)

उत्तर : २६ म्हणजे २६ नसतं, हाच घोळ आहे. तुमच्या रिमला २६ गुणिले १⅜ लागतो, त्याचं खरं माप ५९०. २६ गुणिले १½ चं माप ५८४, आणि माउंटन बाइकच्या २६ चं ५५९. हे आकडे म्हणजे रिमवर जिथे टायरची कड बसते तिथला व्यास मिलिमीटरमध्ये. टायरच्या बाजूला बारीक अक्षरात "३७-५९०" असं छापलेलं असतं, ते वाचा, मोठे आकडे विसरा. आपल्या २८ गुणिले १½ वाल्या काळ्या घोड्याचं माप ६३५, जुन्या रोड सायकलींच्या २७ चं ६३०, आणि आजच्या ७०० सी चं ६२२. म्हणजे २७ चा टायर ७०० पेक्षा मोठा निघतो, आता बोला.

प्रश्न : इथल्या रविवारच्या जुन्या बाजारात पांढरी प्यूजो घेतली, सत्तरीतली असावी. सिम्प्लेक्सचे गिअर, माफाकचे ब्रेक, स्ट्राँगलाइटची क्रँक. व्हिडिओ बघून बीबी (बॉटम ब्रॅकेट, क्रँकचा ॲक्सल फिरतो ती जागा) खोलायला घेतली, छर्रे बसतात ती डावी वाटी निघाली पण उजवी सुटतच नाही. पान्याला पाइप लावून जोर देऊ का? (श्टुटगार्ट, जर्मनी)

उत्तर : पाइप खाली ठेवा आधी. मला सांगा, कुठल्या दिशेने फिरवताय? व्हिडिओत घड्याळाच्या दिशेने फिरवून उजवी वाटी सोडवली असणार, कारण तो इंग्लिश सायकलचा व्हिडिओ. इंग्लिश बीबीत उजव्या वाटीचे आटे उलटे असतात. फ्रेंचमध्ये दोन्हीकडे सरळ. म्हणजे तुम्ही तासभर ती वाटी सोडवत नाही, आवळत बसलाय.

जुन्या रोड सायकलींत बीबीचे चार पंथ. इंग्लिश, १.३७ इंच व्यास, इंचाला २४ आटे, उजवी वाटी उलटी. इटालियन, ३६ मिलिमीटर, इंचाला २४ च, पण दोन्हीकडे सरळ. फ्रेंच, ३५ मिलिमीटर आणि एका मिलिमीटरला एक आटा, दोन्हीकडे सरळ. स्विस म्हणजे फ्रेंचच, फक्त उजवी उलटी. शिवाय रॅलेवाल्यांचं स्वतःचंच इंचाला २६ आट्यांचं प्रकरण, ते वेगळं. उजवी बाजू उलटी का ठेवतात, तर पायडल मारताना छर्रे वाटीला हळूहळू एका दिशेला सरकवत राहतात आणि सरळ आटे असतील तर उजवी वाटी त्याने सुटत जाते. फ्रेंच आणि इटालियन लोकांनी ते मान्यच केलं नाही, त्यामुळे त्यांना ती वाटी राक्षसासारखी आवळून ठेवायला लागते, आणि तीच तुमच्या वाट्याला आलीये.

आता ओळखायचं कसं. इंग्लिश वाटी व्हर्नियरवर ३४.८ च्या आसपास दाखवते आणि फ्रेंच ३५, एवढ्याशा फरकात गंज आणि मळ धरला की व्हर्नियरपण गोंधळतो. त्यापेक्षा एक साधा एम-सहाचा बोल्ट घ्या, घरात कुठेही सापडेल, त्याच्या आट्यांचं अंतर बरोबर एक मिलिमीटर असतं. निघालेली डावी वाटी स्वच्छ करा, बोल्टचे आटे तिच्या आट्यांत आडवे बसवा आणि उजेडाकडे धरा. सगळे दात एकमेकांत गच्च बसले आणि मधून उजेड आला नाही तर फ्रेंच किंवा स्विस. सुरुवातीला बसतात आणि पुढे पुढे दातावर दात चढायला लागतो, उजेड दिसतो, तर इंचाला २४ वाली. दहा आट्यांत अर्ध्या आट्याहून जास्त फरक पडतो, डोळ्याला दिसतो. वाटीवर कधीकधी "३५ गुणिले १" असं कोरलेलंही असतं, पण ग्रीसच्या थराखाली असतं म्हणून कुणी वाचत नाही.

हे सगळं मला कसं माहीत? विशीत असताना मीसुद्धा एक प्यूजो खोलली होती, वडिलांच्या मित्राची. डाव्या बाजूची वाटी खराब झालेली, माझ्याकडे इंग्लिश वाटी नवीकोरी पडलेली. घातली, दोन-तीन आटे लोण्यासारखे गेले, मग जड झालं, म्हणलं ग्रीस कमी पडलं असेल, ग्रीस लावलं आणि पान्याला पाइप लावला. कर्र असा आवाज आला आणि वाटीबरोबर बीबीतले आटे बाहेर आले, खोबऱ्याच्या किसासारखे, चकचकीत. त्या काकांनी काहीच बोललं नाही, चहा घेतला आणि गेले, ते जास्त लागलं. शेवटी एका जुन्या फिटरने आतून इटालियन मापाचे आटे पाडून दिले, ३६ चे, थोडं जास्त लोखंड खरवडून, आणि सायकल वाचली. म्हणजे फ्रेंच फ्रेम, इटालियन पोट. अजून चालते ती.

तुमच्या वाटीसाठी, गंज सोडवणारं तेल मारून दोन दिवस थांबा. मग बेंच व्हाइस शोधा, कुठल्याही हौशी वर्कशॉपमध्ये असतो. वाटीच्या बाहेरच्या दोन सपाट कडा व्हाइसमध्ये गच्च पकडा, फ्रेम वर आडवी, आणि पाना न वापरता फ्रेमच फिरवा, बसच्या स्टिअरिंगसारखी. वरून बघताना घड्याळाच्या उलट. फ्रेम हाच तुमचा लांब पाइप, आणि पाना घसरून बोटं फुटायची भीती नाही. पण प्यूजोने नंतरच्या काही सायकलींना स्विस आटे दिले, तेव्हा वाटीवर आधी काही कोरलंय का ते बघा आणि एका दिशेला हललीच नाही तर दुसरी दिशा एकदा करून बघा, हट्ट करू नका.

अजून दोन गोष्टी पटकन. स्ट्राँगलाइटची क्रँक काढायला नेहमीचा २२ मिलिमीटरचा पुलर लावू नका, तिला २३.३५ चा लागतो. नेहमीचा आत जातो, पकडल्यासारखा वाटतो, आणि ओढलं की क्रँकचे आटे घेऊन बाहेर येतो. पायडलसुद्धा फ्रेंच असतील, १४ मिलिमीटरचे. टोकावर "डी" आणि "जी" ही अक्षरं शोधा, डी म्हणजे द्रुआत, उजवं, आणि जी म्हणजे गोश, डावं. डी दिसलं म्हणून डाव्या बाजूला लावणारे मी पाहिलेत. आणि सिम्प्लेक्सचे ते काळे गिअर प्लास्टिकचे आहेत, डेलरिन म्हणतात त्याला. नखाने सगळ्या कडा तपासा, बारीक तडा दिसला तर ते शोकेसमध्ये ठेवा, रस्त्यावर नको.

प्रश्न : काका, मी १९ वर्षांचा आहे. भंगारातून एक जपानी रोड सायकल मिळाली, मागच्या शिमानोच्या गिअरवर आतल्या बाजूला "एच डी" एवढंच आहे. मॉडेल आहे का ते? आणि गिअर टाकताना टक्कन बसत नाही, अंदाजाने लावायला लागतो. खराब आहे का? (कोल्हापूर)

उत्तर : अरे तुला लॉटरी लागलीये. ते मॉडेल नाही, जन्मतारीख आहे. शिमानोचं पहिलं अक्षर वर्षाचं, ए म्हणजे १९७६, बी म्हणजे ७७, तसं मोजत जा, एच म्हणजे १९८३. दुसरं अक्षर महिन्याचं, ए जानेवारी, म्हणून डी एप्रिल. एप्रिल १९८३. २००१ ला झेड आल्यावर २००२ पासून परत ए सुरू झाला, त्यामुळे अक्षर बघताना पार्टचं वय डोळ्यानेही बघ, नाहीतर ८३ चा पार्ट २००९ चा समजशील.

आणि टक्कन बसत नाही कारण तेव्हा टक्कन बसायची सोयच नव्हती. क्लिकवाला गिअर शिमानोने १९८४ मध्ये ड्युरा-एसच्या ७४०० सेटबरोबर काढला. तुझा त्याच्या आधीचा, खाली फ्रेमच्या नळीवर लिव्हर असेल, ती थोडी जास्त ओढायची आणि चेन चढली की किंचित मागे सोडायची. आवाज ऐकून लावायचा, चेन खरखरली म्हणजे मधे आहे. लिव्हर आपोआप मागे सरकत असेल तर तिच्या डोक्यावरचा स्क्रू आवळ, त्याच्यावर बहुतेक वेळा उचलायची छोटी कडी असते, पाना लागत नाही. आठवड्यात हात बसेल तुझा.

त्या काळात सनटूर नावाची दुसरी जपानी कंपनी होती, तिरक्या समांतरभुज चौकोनाचा मागचा गिअर त्यांनी १९६४ ला पेटंट केला होता, चेन प्रत्येक चक्राच्या जवळून जाते त्यात, म्हणून पटकन बदलते. ते पेटंट १९८४ ला संपलं आणि बाकीच्यांनी झडप घातली. आज तुझ्या मित्राच्या कुठल्याही नव्या गिअरवाल्या सायकलच्या मागे बघ, तोच तिरका चौकोन दिसेल. सनटूरचे जुने गिअर मिळाले तर सोडू नकोस, स्वस्तात मिळतात आणि अजून लोण्यासारखे चालतात.

प्रश्न : चालवताना दर फेऱ्याला एकदा टक् असा आवाज येतो आणि पायडल थोडं खाली बसल्यासारखं वाटतं. मेकॅनिकने छर्रे बदलले, बीबी ॲक्सल बदलला, तरी तेच. (सोलापूर)

उत्तर : ताई, कॉटर, म्हणजे क्रँक ॲक्सलला पकडून ठेवणारी ती पाचरीसारखी खीळ. शंभरातल्या नव्वद वेळा कॉटरच असतो, आणि मेकॅनिक बाकी सगळं बदलून बिल करतात. कॉटरचा सपाट भाग ॲक्सलवर एकाच रेघेवर टेकतोय का बघा, तसं असेल तर काढून बघितल्यावर त्याच्यावर आडवी खाच पडलेली दिसेल. नवीन घेताना जुना बरोबर न्या, कारण ९.५ मिलिमीटरचे असतात आणि ९ चेही असतात, ९ चा ९.५ च्या भोकात टाकून नट आवळला की दोन दिवस छान वाटतं आणि परत टक्. सपाट भाग कानशीने घासून थोडा थोडा बसवायचा, कॉटरचं आट्याचं टोक बाहेर पुरेसं यायला हवं, आणि दोन्ही बाजूचे कॉटर एकमेकांच्या उलट दिशेने घालायचे, नाहीतर दोन्ही क्रँक एका रेषेत राहत नाहीत. ठोकताना क्रँकच्या खाली जाड पाइपचा तुकडा उभा धरा, जमिनीपर्यंत, नाहीतर सगळा मार तुमच्या नव्या छऱ्यांना बसतो. नट आवळून कॉटर आत ओढायचा नाही, नट फक्त राखणीला आहे. वीस-तीस किलोमीटर चालवा आणि परत एकदा ठोकून नट आवळा.

प्रश्न : हँडलचा ॲल्युमिनियमचा स्टेम (हँडल धरणारा दांडा) चिमट्यात, म्हणजे फोर्कमध्ये, अडकलाय, वीस वर्षं कुणी हलवला नाही. शेजारचा गॅसकटर लावू म्हणतोय. (नागपूर)

उत्तर : शेजाऱ्याला चहा पाजा आणि परत पाठवा. ॲल्युमिनियम लोखंडाच्या जवळजवळ दुप्पट फुगतं, गरम केलंत तर आणखी गच्च बसेल. उलट थंड करायला हवं. आधी वरचा बोल्ट चार-पाच फेरे सैल करा, म्हणजे तो पाच-सहा मिलिमीटर वर येईल, त्यावर लाकडाचा ठोकळा ठेवून हातोडीने एक ठाम ठोका मारा, आतली पाचर सुटून खाली पडते, हे न करताच लोक हँडल पिळत बसतात. मग सायकल उलटी करा, चिमट्याच्या खालच्या भोकातून गंज सोडवणारं तेल सोडा, चार दिवस रोज. मग स्टेमभोवती बर्फाची पिशवी बांधून पंधरा-वीस मिनिटं थांबा आणि लगेच पिळा. पिळताना चिमट्याचं डोकं लाकडांच्या मधे व्हाइसमध्ये धरा, चाक पायात धरून पिळू नका, चिमट्याचे पाय वाकतात. आणि हे काम मे महिन्यात काढू नका, तुमच्याकडे तर नाहीच नाही.

तरीही नाही निघालं तर स्टेमचा बळी द्यायचा, वर कापायचा आणि आतलं हॅकसॉ ब्लेडने उभं चिरायचं. कॉस्टिक सोड्याने ॲल्युमिनियम विरघळवतात लोक, मीपण केलंय, पण डोळे, कातडी, वास, सगळंच वाईट, घरात लहान मुलं असतील तर विषयच नको. नवीन बसवताना ग्रीस लावा, एवढं ज्याने वीस वर्षांपूर्वी लावलं असतं तर तुम्ही मला पत्र लिहिलं नसतं.

प्रश्न : रेनॉल्ड्स ५३१ चा स्टिकर असलेली फ्रेम आहे, रंग जागोजागी उडालाय. पावडर कोटिंग करून घेऊ का? आणि स्टिकर खरा आहे हे कसं कळेल? (लेस्टर, इंग्लंड)

उत्तर : स्टिकर कुणीही चिकटवतं. सीटचा दांडा काढा आणि व्हर्नियर लावा, २७.२ आला तर नळी पातळ आणि चांगली असण्याची शक्यता खूप, २५.४ किंवा २६ च्या आसपास आला तर जाड साधी नळी. ५३१ बर्मिंगहॅमच्या रेनॉल्ड्सने १९३५ ला आणली, मँगनीज-मॉलिब्डेनमचं पोलाद, आणि टोकाला जाड मधे पातळ अशी नळी करायचं त्यांचं पेटंट तर १८९७ चं. बोटाच्या नखाने नळीवर मधे टिचकी मारा, मग जोडाजवळ मारा, आवाज वेगळा येतो. हा पुरावा नाही, गंमत म्हणून.

रंगाला हात लावू नका असं माझं मत आहे, आणि मी त्यात हट्टी आहे. मूळ रंग एकदाच असतो. पावडर कोटिंग जाड बसतं, जोडांवरची नाजूक कड त्यात बुजते, आणि स्टिकर गेला की परत तोच येत नाही. उडालेल्या जागी गंज थांबवा, पारदर्शक मेण लावा, झालं. क्रोमवर गंजाचे ठिपके असतील तर ॲल्युमिनियमची फॉइल चुरगाळून पाण्यात बुडवून घासा, पॉलिश-बिलिश नको, दहा मिनिटांत तुमचं तोंड दिसेल त्यात.

प्रश्न : बाबा सत्तरीच्या दशकात मुंबई-पुणे शर्यतीत उतरायचे. त्यांची सायकल चाळीस वर्षं भिंतीला टांगलेली आहे. सगळीकडे काम्पान्योलो लिहिलंय, मागच्या गिअरवर "पेटंट ७६", क्रँकच्या मागे चौकटीत ७. टायर रिमला चिकटवलेले आहेत. त्यांच्या पंच्याहत्तरीला चालवायला द्यायची आहे. (दादर, मुंबई)

उत्तर : नुसतं वाचूनच बरं वाटलं. गिअर १९७६ चा, क्रँक १९७७ ची, म्हणजे गिअर-क्रँक जवळपास एकाच वेळचे, कुणी खिचडी केलेली दिसत नाही. तो गिअर नुओव्हो रेकॉर्ड असणार, १९६७ ला आलेला. कंपनी इटलीतल्या विचेन्झाची, १९३३ पासूनची, आणि तुलिओ काम्पान्योलोने चाक झटकन काढायची जी कळ काढली ती त्याच्याही आधीची, १९३० ची. तुमच्या चाकांना तीच कळ असेल. त्या गिअरला मागे २६ दात्यांच्या वर झेपत नाही. बोरघाटात एवढ्यावर चढायचे बाबा, पाय बघा त्यांचे.

आता काम. पहिलं, ते चिकटवलेले टायर. त्यांच्यावर एक फेरीसुद्धा मारायची नाही, कॉलनीतसुद्धा नाही. डिंक चाळीस वर्षांत पापडासारखा होतो, वळणावर टायर रिमवरून उतरतो आणि खाली पडल्यावर पंच्याहत्तरीत खुबा मोडतो. एका जागी टायर अंगठ्याने ढकलून बघा, कुरकुर आवाज येऊन सुटेल. पूर्ण काढा, रिमवरचा जुना डिंक खरवडा, नवीन ट्यूबलर टायर कोरडाच रिमवर चढवून दोन दिवस ताणून ठेवा, मग रिमवर आणि टायरच्या पट्टीवर डिंकाचे पातळ हात द्या, वाळू द्या, शेवटचा ओलसर असताना चढवा. तुमच्या हातापायाला आणि फरशीला डिंक लागणारच, जुनी चादर अंथरा. जमत नसेल तर कुणा जाणत्याकडून करून घ्या, यात कंजूसपणा नको.

दुसरं, हब. रेकॉर्ड हबच्या पोटावर एक बारीक स्प्रिंगची पट्टी असते, तिच्याखाली तेलाचं भोक. त्यातून तेल सोडून काम भागवू नका, चाळीस वर्षांचं ग्रीस आत मेणासारखं झालेलं असणार, पूर्ण उघडा. मागे दर बाजूला ९ छर्रे, पाव इंची. पुढेही ९ च, पण सात बत्तिसांश इंचाचे, आणि इथे फसतात लोक, कारण दुकानात पुढच्या चाकाला म्हणलं की सवयीने तीन सोळांशचे काढून देतात. जुना एक छर्रा बरोबर न्या. वाट्या पुसून बोट फिरवा, गुळगुळीत लागल्या तर सोनं आहे. कोन आवळताना अगदी किंचित खेळ ठेवा, चाक बाहेर असताना ॲक्सल बोटाने हलवलं तर जेमतेम कळेल इतका, कारण कळ दाबली की ॲक्सल दबतो आणि तो खेळ जातो. बाहेरच बरोबर आवळलंत तर सायकलवर चढवल्यावर घट्ट होईल आणि छर्रे वाट्या खातील.

मागचा फ्रीव्हील काढायला त्याच्या खाचांप्रमाणे वेगळा पुलर लागतो, दोन खाचांचा असेल तर पुलर चाकाच्या कळेच्या दांडीनेच दाबून धरा आणि मग फिरवा, सुटला की दांडी सैल करत जा, नाहीतर पुलर उडून खाचा फुटतात. ब्रेकचे रबर, केबल, सगळं नवीन. क्रँकवर आट्यांच्या आणि पंजाच्या आसपास भिंगाने तडे बघा, त्या काळच्या या क्रँकना तिथे तडे जायचे. काही दिसलं तर ती क्रँक परत भिंतीवर.

आणि सरप्राइज देऊ नका. खोलायच्या आधी सायकल त्यांच्यासमोर ठेवा आणि विचारा कुठला पार्ट कुणी आणला, कुठल्या शर्यतीच्या आधी बदलला. सीटची उंची मोजून ठेवा, चिकटपट्टीने खूण करा, ती त्यांची आहे. आणि त्यांनी तेव्हाचा पंप कुठे ठेवलाय तेही विचारा, त्या चाकांना प्रेस्टा व्हॉल्व्ह असतो, कोपऱ्यावरच्या पंक्चरवाल्याचा पंप बसणार नाही.